पेपर क्लिअर, काम काही नाही

जुन्या गाड्यांच्या बाजारात थोडे दिवस हिंडलं की कळतं, महाराष्ट्रातल्या यच्चयावत वापरलेल्या गाड्या मूळच्या डॉक्टरांच्या आहेत. हे डॉक्टर घरून दवाखान्यात जातात, दवाखान्यातून घरी येतात आणि मध्ये कुठेही थांबत नाहीत. डॉक्टर नसतील तर बँकेतून रिटायर झालेले साहेब असतात, आणि साहेबही नसतील तर कॉलेजातल्या मॅडम. मॅडमच्या गाडीला ‘लेडीज यूज’ म्हणून दहा-पंधरा हजार जास्त पडतात. ज्याने हीच गाडी रोज हिंजवडी ते हडपसर रडतखडत हाकली, ज्याच्या पोराने तिच्यावर क्लच शिकून घेतला आणि ज्याच्या चुलतभावाने ती दर लग्नसराईत नवरदेवासाठी मागून नेली, तो माणूस आपली गाडी कुठे विकतो कोण जाणे. बाजारात तो काही दिसत नाही.

गाडीचं वर्णनही ठरलेलं. पेपर क्लिअर, टायर नवे, बॅटरी नवी, एसी चिल्ड, काम काही नाही. इतकी निरोगी गाडी विकताय कशाला, असं विचारलं तर उत्तरं दोनच: ‘मोठी घेतोय’ नाहीतर ‘साहेब बाहेर चाललेत’. बाहेर म्हणजे अमेरिकेला. गाडीला कंटाळून चाललेत, असं कुणी म्हणत नाही.

आमचं बजेट तीन लाख आणि अट एकच, गाडीने घरात येऊन फार खाऊ नये. ही अट घरात नुसती उच्चारली तरी समिती स्थापन होते. आमच्या समितीचं अध्यक्षपद मेव्हण्यांनी न विचारता स्वीकारलं. त्यांचा महिन्याला दोन हजार किलोमीटरचा राबता आणि दारात डिझेलची स्विफ्ट, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने जगात गाडी ती एकच. त्या गाडीतलं १.३ लिटरचं इंजिन मूळ फियाटचं. तेच रिट्झमध्ये होतं, तेच इंडिका व्हिस्टात, तेच पुंटोत. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झालं आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणंच बंद केलं. तेव्हापासून मेव्हणे आपल्या गाडीबद्दल जुनी पेन्शन मिळणाऱ्या माणसासारखे बोलतात.

पण डिझेल हे रोज पळणाऱ्याचं काम. आमच्यासारख्या महिन्याला चारशे किलोमीटर फिरणाऱ्याने ते घ्यायचं, थेंब थेंब वाचवायचं आणि एक दिवस टर्बो नाहीतर इंजेक्टर असं म्हणतो की आता माझं बघा. त्या एका बिलात काही वर्षांची बचत गॅरेजच्या गल्ल्यात जमा. मेव्हण्यांना हे सांगून उपयोग नव्हता. त्यांनी लगेच दिल्लीच्या गाडीचा फोटो पाठवला. चकाचक डिझेल सेदान, किंमत पुण्याच्या निम्मी.

दिल्लीची गाडी स्वस्त का, याला कारण आहे. तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. मग नवव्या वर्षी गाडीला दक्षिणेची ओढ लागू लागली. इथे आली की फॉर्म २८ ची एनओसी, महाराष्ट्राचा टॅक्स, नवा नंबर, आणि या प्रत्येक पायरीवर बसलेला एजंट. सगळं उरकून गाडी दारात येते तेव्हा ती पुण्याच्या गाडीच्या भावात पडलेली असते. दिल्लीची धूळ तेवढी फुकट.

समितीचे दुसरे सदस्य शेजारचे काका. ते सीएनजीवाले. पहाटे उठून पंपावर रांगेत उभे राहतात. काकू म्हणतात, भूपाळीला कधी उठले नाहीत ते गॅसला उठतात. काकांचं गणित तोंडपाठ. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरा, गावात गाडी १५ देते, म्हणजे किलोमीटरला सात रुपये. सीएनजी ९० रुपये किलो धरा, साडेबावीस देते, म्हणजे चार रुपये. किलोमीटरला तीन रुपये सुटले! काका इथे थांबून आपल्या चेहऱ्याकडे बघतात.

गणित बरोबर आहे. फक्त सीएनजीवाली तीच गाडी बाजारात साठ हजारांनी महाग होती. महिन्याला चारशे किलोमीटर म्हणजे बाराशे रुपये सुटणार. साठ हजार फिटायला पन्नास महिने. तोवर मागच्या डिकीत टाकी बसलेली असते आणि गावाहून निघताना तांदळाचं पोतं मुलांच्या मांडीवर. टाकीचं दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्टिंग करावं लागतं. आणि किट बाहेरून बसवलेलं असेल तर ते आरसी बुकात चढवलंय का ते आधी बघावं लागतं, नाहीतर पुढे विमा कंपनी असं काही किट आपल्याला दिसतच नाही म्हणते. महिन्याला हजार-दीड हजार किलोमीटर चालवणाऱ्याने सीएनजीच घ्यावी, डोळे झाकून. काका मात्र गाडी मंडईपर्यंत नेतात. गॅस संपला की पंपावर जातात, पंपावरून येताना थोडा गॅस संपतो.

‘किती देते?’ हा प्रश्न आपल्याकडे गाडीला इतक्या श्रद्धेने विचारला जातो की ती किती घेते हे विचारायचं राहूनच जातं. एक साधी गोष्ट घ्या. थर्ड पार्टी विम्याचा दर इंजिनाच्या सीसीवर ठरतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे हजार सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, हजाराच्या वर दीड हजारपर्यंत ३,४१६, आणि त्याच्या वर ७,८९७. म्हणजे ९९८ सीसीची वॅगनआर आणि ११९७ सीसीची स्विफ्ट शेजारी शेजारी नुसत्या उभ्या राहिल्या तरी एक दुसरीपेक्षा तेराशे रुपये जास्त खाते. किंवा वयाचं घ्या. पंधरा वर्षांनी खासगी गाडीचं पासिंग पुन्हा करून घ्यावं लागतं. त्याची फी एप्रिल २०२२ पासून सहाशेची एकदम पाच हजार झाली, वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर. त्यामुळे सव्वा लाखात चौदा वर्षांची गाडी मिळतेय म्हणून हुरळलेल्या माणसाला पंधराव्या वाढदिवसाला तीच गाडी रिटर्न गिफ्ट मागते. एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट आलीच, ७४५ रुपये अधिक जीएसटी. तिची मुदत २०२५ मध्ये इतक्यांदा वाढली की मेव्हण्यांनी प्लेट बसवणं म्हणजे घाई करणं आहे असं जाहीर करून टाकलं.

आणि एक खर्च कुणाच्याच हिशेबात नसतो: स्पेअर पार्ट. आमच्या बजेटमध्ये एक शेवरोले बीट येत होती, एक पुंटो येत होती. दोन्ही दिसायला देखण्या, दोन्ही स्वस्त, आणि दोन्ही आपल्या पुणे जिल्ह्याच्या लेकी. एक तळेगावची, दुसरी रांजणगावची. पण शेवरोलेने २०१७ अखेर इथली विक्री बंद केली, तळेगावचा तो कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. फियाटच्या गाड्याही थांबल्या. आता माहेर मोडलेल्या या लेकींचा पार्ट शोधायला नाना पेठेत जायचं. पार्ट मिळतो, मिळत नाही असं नाही. पहिल्या दुकानात ‘उद्या या’, दुसऱ्यात ‘मागवून देतो’ आणि तिसऱ्यात दुकानदार तो पार्ट हातात घेऊन जुन्या मित्राची चौकशी करावी तशी गाडीची चौकशी करतो. नॅनोही बघितली. तिचं पेट्रोल पुढचं बॉनेट उघडून भरायचं आणि इंजिन मागे. पंपावरचा पोरगा गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतो, मग आपल्यालाच विचारतो.

माझं स्पष्ट मत आहे. कमी खर्चाची गाडी म्हणजे ज्या गाडीकडे कुणी वळून बघत नाही ती. रस्त्यात दर पाचव्या दारात तीच उभी हवी. जिची क्लच वायर गल्लीतल्या गॅरेजात खिळ्याला टांगलेली असते आणि जिचं बॉनेट उघडल्यावर मेकॅनिक विचार करायला थांबत नाही, ती घ्यावी. तिच्यात मान नाही, पण मान असलेल्या गाडीचा हेडलाइट फुटला की किंमत ऐकून आपलीच मान खाली जाते.

गाडी बघायला मेकॅनिकला न्यावं हे सगळे सांगतात. आमचा मेकॅनिक गाडीजवळ गेला की बॉनेटला हात लावत नाही. आधी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून खाली वाकतो आणि ब्रेकच्या पेडलचं रबर बघतो. पहिल्याच गाडीचं मीटर सांगत होतं ३८ हजार. पेडलच्या रबरावरच्या आडव्या रेघा मात्र घासून सपाट झाल्या होत्या आणि उजव्या कोपऱ्यातून लोखंड डोकावत होतं. मेकॅनिक शांतपणे म्हणाला, ‘‘डॉक्टरसाहेब लोखंडी बूट घालायचे का?’’ एजंट म्हणाला, ‘‘रबर बदलून देतो ना दादा.’’ पूर्वी मीटर मागे फिरवायला वायर काढावी लागायची, आता लॅपटॉप लावतात, पण पेडलला लॅपटॉप लागत नाही.

मग त्याने सीट बेल्ट धरून पूर्ण बाहेर ओढला, शेवटच्या विताएवढा भागही. तिथे तपकिरी रेघ असेल तर समजायचं गाडी पोहून आलीय. ऑगस्ट २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी शिरलं, तेव्हाच्या कितीतरी गाड्या धुऊन, अत्तर फवारून बाजारात आल्या. सीटचं कव्हर बदलतात, मॅट बदलतात, पण बेल्टचं गुंडाळलेलं टोक कुणी धूत नाही. काचांच्या कोपऱ्यातले बारीक आकडे जुळतात का, ते पाहिलं. एक काच वेगळ्या वर्षाची निघाली तर ती कशामुळे फुटली ते विचारायचं. उत्तर नेहमी ‘क्रिकेटचा बॉल’ हेच असतं. आपल्याकडे क्रिकेट किती खेळलं जातं ते इथे कळतं. ‘नव्या’ टायरच्या कडेला चार आकडे होते, २३१८. म्हणजे २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं, सायीसारखं काही लागलं नाही. पाणी ऑइलमध्ये उतरलं की ते लागतं. सायलेन्सरचा धूर निळा आला तर इंजिन ऑइल पितंय, काळा आला तर पेट्रोल वाया घालवतंय. हे सगळं सकाळी, इंजिन थंड असताना बघायचं. म्हणूनच आधी सांगून गेलं तर गाडी आपल्या स्वागताला गरम होऊन बसलेली असते.

पण गाडीबद्दल सगळ्यात खरं बोलतं ते ई-चलान. गाडीचा नंबर टाकला की थकलेल्या दंडाची यादी येते, तारीख, वेळ, जागा आणि वर फोटो. मी तर म्हणेन, मालकाचं चरित्र वाचायचं असेल तर सर्व्हिस बुक वाचू नये, चलान वाचावं. ‘फक्त घर ते दवाखाना’वाल्या आमच्या डॉक्टरांच्या नावावर एक्स्प्रेसवेवर मंगळवारी पहाटे दोन वाजता अतिवेग होता. एजंट डगमगला नाही. ‘‘इमर्जन्सी केस असणार.’’ ‘‘लोणावळ्याला?’’ मेकॅनिकने विचारलं. ‘‘पेशंट सगळीकडे असतात,’’ एजंट म्हणाला. पुढच्या फोटोत मागच्या काचेवर फुलांनी ‘वेड्स’ लिहिलेलं दिसत होतं.

दुसरी एक पांढरी गाडी फारच स्वच्छ निघाली. एकही चलान नाही, फर्स्ट ओनर, भावही उतरलेला. मेकॅनिकने छताच्या कडेवरून हात फिरवला आणि कॅरिअरच्या बुजवलेल्या भोकांवर बोट ठेवलं. ही ‘कंपनीला लावलेली’ गाडी, पिवळी पाटी उतरवून पांढरी चढवलेली. टॅक्सीला वेग बांधणारं यंत्र बसवतात, ८० च्या पुढे ती जातच नाही. चलान येणार कुठून?

मालक खरा निघाला तरी कागद शिल्लक राहतात. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणून बँकेचा बोजा उतरवणं. ‘बोजा उतरलाय, फक्त बुकात दिसतोय’ असं विकणारा सांगतो, तेव्हा पैसे खिशातच ठेवावेत. कायदा म्हणतो, घेणाऱ्याने ३० दिवसांत गाडी नावावर करून घ्यावी. आपल्याकडे मात्र सह्या केलेले हे २९-३० चे टीटी फॉर्म गाडीबरोबर हातोहात फिरत राहतात, आणि चौथा मालक चालवत असताना गाडी पहिल्याच्याच नावावर असते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण आलं. गाडी एकापाठोपाठ एक अनेकांना विकली गेली होती, अपघात झाला, आणि न्यायालयाने सांगितलं, बुकात ज्याचं नाव तोच मालक, भरपाई त्याने द्यायची. त्यामुळे विकणाऱ्याने तर खरेदीदारापेक्षा जास्त घाई करायला हवी. पण विकणारा ‘करू हो सावकाश’ म्हणतो आणि खरेदीदार खूश होतो, की माणूस किती साधा आहे.

भाव पाडायला दोन गोष्टी कामाला आल्या. एक पितृपंधरवडा. त्या दिवसांत कुणी गाडी घेत नाही, डीलर खुर्चीत बसून माश्या मारत असतो आणि दारात आलेल्या माणसाला चहा पाजतो. आईची हरकत होतीच. तिला सांगितलं, बघणं आणि बोलणं आत्ता, आणणं दसऱ्याला. बघण्याला पितरांची ना नसते, असा निर्णय तिने स्वतःच दिला. दुसरी गोष्ट नंबर. पसंत पडलेल्या गाडीच्या चार आकड्यांची बेरीज आठ येत होती. आठ म्हणजे शनी. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही, पण विकणारा ठेवत होता. मी नुसतं नंबरकडे बघून सुस्कारा टाकला, पाच हजार उतरले.

सगळं जुळलं तेव्हा बायकोने लाइट बिलाच्या पाठकोऱ्या बाजूला हिशेब मांडला. तीन लाखांची गाडी पाच वर्षांनी दीड लाखात जाईल, म्हणजे वर्षाला तीस हजार घसारा. विमा सात हजार, सर्व्हिसिंग सात हजार, टायर-बॅटरी-पीयूसी मिळून चार हजार. अठ्ठेचाळीस हजार. आपण वर्षाला चालवणार चार हजार आठशे किलोमीटर. किलोमीटरला दहा रुपये, आणि हे गाडी सुरू करण्याआधीच. वर पेट्रोल सात. ‘‘अहो, सतरा रुपये झाले,’’ ती म्हणाली. ‘‘२०२२ पासून रिक्षाचा दरही पहिल्या दीड किलोमीटरला पंचवीस आणि पुढे सतराच आहे. आणि ती ड्रायव्हरसकट येते.’’

समितीत शांतता पसरली. काकांनी सीएनजी सुचवून पाहिली. मेव्हण्यांना मात्र पेच सुटला. ‘‘चारशेऐवजी आठशे चालवायची. मग खर्च सतराचा बाराच होतो!’’ गणित बिनचूक होतं. त्या पाच रुपयांच्या बचतीसाठी महिन्याला अठ्ठावीसशेचं जास्त पेट्रोल जाळायचं, एवढंच. मेव्हण्यांनी लगेच मार्ग आखायला घेतले: शनिवारी जेजुरी, रविवारी सासुरवाडी, आणि मुंबईला जायचं झालं तर एक्स्प्रेसवेने, जाता-येता ६४० रुपये टोल, पण तो टोल आहे, गाडीचा खर्च नव्हे. बायको म्हणाली, गणपतीत रिक्षा रत्नागिरीला नेता येत नाही आणि पावसात रिक्षावाला आपल्या बाजूला येत नाही, तेव्हा गाडी घेऊ; फक्त ती स्वस्त पडते असं कुणाला सांगू नका.

घेतली. हजाराच्या आतल्या सीसीची, पांढरी, आमच्याच सोसायटीत तशा आणखी असतील. पैसे खात्यात पडले, सह्या झाल्या आणि विकणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मग तो प्रेमाने सांगू लागला. एसी दोनवरच ठेवा, तीनवर पट्टा शिट्टी मारतो. मागची डावी काच पावसात खाली करू नका, वर यायला ती वेळ घेते. दुसरा गिअर सकाळी जरा गोंजारून टाका. दुसरी चावी ना? ती गावाला आहे, पुढच्या वेळी आलो की आणतो.

वापरलेल्या गाडीची दुसरी चावी नेहमी गावालाच असते. या चावीत चिप असते आणि नवी करून घ्यायला काही हजार लागतात. तो खर्च किलोमीटरमागे कसा धरायचा म्हणून मेव्हण्यांना विचारलं. ते म्हणाले, तो धरायचा नसतो, चावी काही गाडी चालवत नाही.